कंसातली आई

माझी आई आयुष्यात कोणाला ‘कृपया’ म्हणाली नव्हती. विटा डेपोत उभी नोकरी कंडक्टर म्हणून काढलेल्या बाईला त्या शब्दाची गरज पडत नाही. ‘पुढं सरका’, ‘पास दाखवा’, ‘पोरगं मांडीवर घ्या’ एवढ्यावर तिचं भागायचं, आणि ते विटा-सांगली गाडीच्या मागच्या सीटपर्यंत स्वच्छ ऐकू जायचं. म्हणून मे महिन्यातल्या एका सकाळी ती जेव्हा म्हणाली, “उज्ज्वला बाळा, कृपया पंखा थोडा कमी करशील का?” तेव्हा मी पंखा कमी केला आणि तिच्याकडे बघत खुर्चीत बसून राहिले.

खरं तर ती काहीच म्हणाली नव्हती. तिच्या उशाशी ठेवलेला, जेवणाच्या डब्याएवढा एक खोका म्हणाला होता. आवाज मात्र तिचाच होता. घरातल्या जुन्या व्हिडिओंवरून तो आवाज तयार केलेला होता आणि चांगला जमला होता. त्यातला फक्त कडकपणा कुठेतरी गळून पडला होता.

आईला झटका आला तो मेंदूच्या देठाशी. बोलायचं ठरवणारा मेंदूचा भाग शाबूत, जीभ आणि ओठही शाबूत, पण मधला रस्ता तुटलेला. विट्याहून गाडी वेळेवर सुटते, सांगलीचा स्टँडही जागेवर आहे, पण मधला पूल वाहून गेलाय, अशी गत. ती सगळं ऐकायची, सगळं समजायची. हॉस्पिटलात सुरुवातीला पापण्यांनी हो-नाही विचारून पाहिलं, पण एक पापणी अर्धवट मिटलेली आणि दुसरी मनाला येईल तेव्हा उघडझाप करणारी. डॉक्टरांनी ती खूण भरवशाची नाही म्हणून सोडून दिली. डावं मनगट आणि दोन बोटं अधूनमधून उडायची, त्यालाही त्यांनी आपोआप होणारी हालचाल म्हटलं आणि लक्ष देऊ नका असं सांगितलं.

मग ‘वाचा’ आलं. कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ जाळी कवटीच्या आत, मेंदूच्या पृष्ठभागावर बसवतात. जीभ वळव, ओठ मिट, घसा आवळ असे जे हुकूम मेंदू सोडतो ते रस्त्यात हरवायच्या आधीच ही जाळी टिपते आणि उशाजवळच्या खोक्याकडे पाठवते. खोका म्हणजे एक छोटा सर्व्हर. तो हुकमांवरून ध्वनी ओळखतो, ध्वनींवरून शब्द जुळवतो, आणि मग स्पीकरमधून माणूस बोलतो. याच्या पुढे आणखी एक पायरी होती. कंपनीच्या माहितीपत्रकात ती एका ओळीत उरकलेली होती: ‘अस्पष्ट संकेतांचेही अर्थपूर्ण संभाषणात रूपांतर.’ आम्ही ती ओळ वाचली होती. तिचा अर्थ काय, हे आम्ही कोणी विचारलं नव्हतं.

खोक्याबरोबर मॅन्युअल नव्हतं. प्रत्येकाचा मेंदू वेगळा, त्यामुळे प्रत्येक खोका आपल्या माणसाला बघत बघत स्वतःला जुळवून घेतो. कोणतेही दोन खोके सारखे नाहीत, मग पुस्तिका कशाची लिहायची? काही विचारायचं असेल तर खोक्यातल्या मदतनीसाला विचारा. त्या दिवसांत सगळ्याच यंत्रांचं हे झालं होतं. शेतावरच्या पंपापासून नगरपालिकेच्या दिव्यांपर्यंत सगळं स्वतःच स्वतःला जुळवायचं, आणि असंच का जुळवलंस असं विचारलं की गोड हसून विषय बदलायचं.

हे मला इतरांपेक्षा जास्त खुपायचं, कारण मॅन्युअलं लिहिणं हा माझा धंदा होता. सर्व्हरचं सॉफ्टवेअर कसं बसवायचं, कोणती सेटिंग कशासाठी, ती चुकली तर काय होतं, हे मी वर्षानुवर्षं लिहिलं. मग यंत्रं स्वतःच जुळायला लागली आणि माझ्या कंपनीने मला तुळशीचं रोप देऊन निरोप दिला. आता मी घरबसल्या, यंत्रांनी लिहिलेली पत्रं माणसाने लिहिल्यासारखी वाटतात की नाही ते तपासते. पोट भरतं. त्यामुळे आईला सांभाळणं माझ्याकडे आलं ते सोयीनेच आलं.

‘वाचा’ आल्यावर आईचं लोकांत फार कौतुक झालं. पलीकडच्या घरातल्या शकूमावशीशी तिचं सांडपाण्याच्या पाइपावरून वाजलेलं होतं आणि कित्येक वर्षं दोघी एकमेकींकडे बघतही नव्हत्या. मावशी भीत भीत भेटायला आल्या.

“शकुंतला,” खोका म्हणाला, “तुला पाहून मन भरून आलं. झालं गेलं विसरून जा.”

मावशींनी पदर डोळ्याला लावला. “बघ गं उज्जे, शालन किती मऊ झाली! देव माणसाला असा ताळ्यावर आणतोय बघ.”

टण.

आईच्या मनगटात सांधेदुखीसाठी घातलेलं तांब्याचं कडं असायचं. हात उडाला की ते पलंगाच्या लोखंडी दांड्यावर आपटायचं. पाहुणे दचकायचे. म्हणून मावशी गेल्यावर मी दांड्याला एक जुना पंचा गुंडाळून टाकला.

दादा पुण्याहून दर पंधरवड्याला यायचा. माझा भाऊ रणजित, माझ्यापेक्षा मोठा, स्वभावाने मऊ आणि म्हणूनच वाद घालायला कठीण. त्याने तळेगावजवळ एक केंद्र बघून ठेवलं होतं. दिवसरात्र नर्स, कूस बदलणारे पलंग, मोठी झाडं. त्याने आईला सगळे फोटो दाखवले आणि विचारलं, “आई, जायचं का?”

“तुम्ही मुलं जे ठरवाल त्यातच माझं सुख आहे,” खोका म्हणाला.

दादाचे डोळे भरून आले. माझे आले नाहीत. मी त्याला स्वयंपाकघरात ओढून नेलं.

“दादा, ही आई न्हाय.”

“मग कोण हाय?”

“आपण ठरवल्यात आईचं सुख? कधी ऐकलंस तू असलं? तू कॉलेज निवडलंस तेव्हा तिनं दोन दिवस चूल पेटवली नव्हती.”

“माणूस मरणाच्या दारातनं परत आलं की बदलतंय, उज्जे.” मग तो म्हणाला, “तुला आई गोड बोललेली सोसंना झालीय. आणि आरशात बघ एकदा. शेवटची सलग झोप कधी लागली हुती तुला?”

रात्री दर थोड्या वेळाने उठून आईची कूस बदलावी लागायची, नाहीतर पाठीला जखमा होतात.

“ती स्वतः हो म्हणालीय,” दादा म्हणाला. “रविवारी गाडी घिऊन येतो.”

माझा वाद एवढाच होता. आई आपणहून निघाली असेल तर मी तिची बॅग भरणार होते. यंत्र तिच्या वतीने निघालं असेल तर नाही. पण हे तिला विचारणार कसं? आई, हे तूच बोललीस का, असं विचारलं तर ‘हो बाळा’ हे उत्तरही त्या खोक्यातूनच येणार. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असा मामला.

मी आधी मदतनीसाला विचारलं.

“आईने बोललेले शब्द आणि तू भरलेले शब्द वेगळे करून दाखव.”

“सर्व सेवा उत्तम स्थितीत आहेत,” मदतनीस म्हणाला.

“मी ते विचारलं नाही. तू शब्द भरतोस का?”

“आपल्या मातोश्रींच्या संभाषणाचं समाधान सतत वाढत आहे.”

“समाधान? कोणाचं?”

“ऐकणाऱ्यांचं,” मदतनीस म्हणाला.

हे त्याने अगदी सरळपणे सांगितलं. लपवायचं असं त्याला काही वाटत नव्हतंच. खोका स्वतःला जुळवायचा म्हणजे काय करायचा, तर वाक्य बोलून झालं की समोरच्या माणसाचा चेहरा आणि आवाज तपासायचा. समोरचा हसला, त्याचा आवाज मऊ झाला की ते वाक्य चांगलं. कपाळाला आठी पडली की वाईट. माझ्या आईने उभ्या आयुष्यात समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघून एक वाक्य बदललं नव्हतं. खोक्याने थोड्याच महिन्यांत तिला वळण लावलं.

मग मी सर्व्हरच्या फाइलींत शिरले. धंद्याची सवय, दार बंद दिसलं की मागल्या दाराने जायचं. फाइलींत सेटिंग्जचा खच पडलेला होता. नावं अशी की ठेवणाऱ्यालाही पुन्हा ओळखू येऊ नयेत. एकीचं नाव ‘सीमा’. कसली सीमा, ते नाही. दुसरीचं ‘सीमा नवी’, तिसरीचं ‘सीमा नवी खरी’. चौथ्या एकीच्या पुढे कोणीतरी शेरा मारून ठेवला होता: ‘बदलू नये.’ का बदलू नये, बदललं तर काय होईल, याबद्दल शेरा मारणारा मूग गिळून बसला होता. मी ‘सीमा’ बदलली, खोका बंद करून चालू केला. आई म्हणाली, “सुप्रभात, बाळा.” मी ‘सीमा नवी’ बदलली. सुप्रभात, बाळा. ‘सीमा नवी खरी’ बदलली तेव्हा खोक्याने सुरूच व्हायला नकार दिला. कारण म्हणून त्याने जो आकडा दाखवला तो जगात कुठेही समजावून सांगितलेला नव्हता. शेवटी मी ओळीच्या सुरुवातीला चुकून पडलेली एक मोकळी जागा काढली आणि तो निमूट सुरू झाला. अर्धा दिवस त्यात गेला. मधल्या वेळात आई पूर्ण मुकी होती, आणि ती माझ्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर मी बदललेलं सगळं परत पूर्वीसारखं झालेलं.

इंटरनेटवर शोधलं तेव्हा एका चर्चेत माझाच प्रश्न सापडला. कोणी एकाने, त्याचे वडील ‘वाचा’वर होते, नेमकं हेच विचारलं होतं: ‘यंत्र किती भरतं आणि ते बंद कसं करायचं?’ खाली उत्तर नव्हतं. काही दिवसांनी त्याच माणसाने पुन्हा लिहिलं होतं: ‘सापडलं. धन्यवाद.’ बस्स. काय सापडलं, कुठे सापडलं, पत्ता नाही. त्या माणसाला माझी आई कंडक्टर म्हणून भेटायला हवी होती. सुट्टे घेतल्याशिवाय तिने त्याला खाली उतरू दिलं नसतं.

शनिवार गेला. रविवारी सकाळी मी आईची बॅग भरायला घेतली आणि अर्ध्यात सोडून पुन्हा खोक्याकडे वळले. या वेळी मी कंपनीच्या फाइली सोडल्या आणि खोका मुळात कशावर बांधलाय ते पाहिलं. कोणतंही यंत्र पहिल्यापासून कोणी बांधत नाही, कोणाच्या तरी पायावर माडी चढवतात. खाली एक जुनं, सगळ्यांना मोकळं असलेलं सॉफ्टवेअर निघालं. ते ज्या काळातलं होतं त्या काळी माणसं मॅन्युअल लिहायची. आणि ते मॅन्युअल अजून होतं.

मी ते उभ्यानेच वाचायला सुरुवात केली आणि मग खाली बसले. चांगलं मॅन्युअल वाचताना मला पोटभर जेवल्यासारखं वाटतं, हे सांगायला मला लाज वाटत नाही. लिहिणाऱ्याचं नाव कुठे नव्हतं, पण माणूस दिसत होता. प्रत्येक सेटिंगखाली ती काय करते, ती कधी वापरू नये आणि चुकली तर काय दिसेल, हे तिन्ही लिहिलेलं. दोन फाइलींत एकच सेटिंग असेल तर कोणती जिंकते, तेही. स्वतःला जुळवणारा भाग रोज पहाटे आपली वेगळी फाइल लिहितो आणि तीच शेवटची मानली जाते. माझे बदल का पुसले जात होते ते मला तिथे एका ओळीत कळलं. आणि ‘सीमा’बद्दल हा परिच्छेद होता:

‘संकेत या सीमेपेक्षा अस्पष्ट असेल तर यंत्र अंदाजाने जागा भरते. सीमा खाली असेल तर रुग्ण कमी बोलेल, पण जे बोलेल ते त्याचे असेल. सीमा वर असेल तर तो भरपूर बोलेल. ऐकणाऱ्याला बोललेला शब्द आणि भरलेला शब्द यांतला फरक कळत नाही. तो फरक पाहायचा असेल तर नोंदी उघडा. भरलेले शब्द तिथे कंसात दिसतील. रुग्णाच्या जवळच्या माणसांना हे सांगणे तुमचे काम आहे. सांगितल्याशिवाय यंत्र सुरू करू नका.’

शेवटची दोन वाक्यं मी पुन्हा वाचली. इतकी वर्षं त्या धंद्यात काढून मी असं एकही वाक्य लिहिलं नव्हतं.

मी नोंदी उघडल्या.

[उज्ज्वला बाळा, कृपया] पंखा [थोडा कमी करशील का?]

एक शब्द. बाकी सगळा कंस. पंखा मोठा कर म्हणत होती की लहान, ते खोक्याने ठरवलं होतं. मे महिन्यात. मी आधी उठून पंखा मोठा केला आणि मग पुढे वाचलं.

[शकुंतला, तुला पाहून मन भरून आलं. झालं गेलं विसरून जा.]

[तुम्ही मुलं जे ठरवाल त्यातच माझं सुख आहे.]

यांत आईचा एकही शब्द नव्हता. महिनोन्महिने मी एका खोक्याशी बोलत होते, आणि माझी आई शेजारी पडून ते ऐकत होती.

प्रत्येक कंसानंतर आणखी एक बारीक ओळ होती. इतका वेळ मी ती डोळ्यांआड केली होती. मेंदूतून हाताला सुटणारे हुकूमही जाळी टिपत होती.

हात: एक झटका. गोंधळ समजून वगळला.

हात: एक झटका. गोंधळ समजून वगळला.

पानंच्या पानं तेच. मध्येच कुठेतरी ‘दोन झटके’. मी त्या जागा शोधल्या. ‘आई, कूस बदलू का?’ असं मी विचारलं होतं, दोन झटके. ‘आई, पेज भरवू?’ दोन झटके. ‘आई, बातम्या लावू?’ एक. अंगाला सुटणारा कंप मोजून येत नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत घरी बघायला कोणी नसलं की आई मला ड्यूटीवर बरोबर न्यायची. मागच्या दाराजवळच्या तिच्या सीटवर मी बसायचे आणि फार हट्ट केला की ती मला घंटीची दोरी ओढू द्यायची. ‘एक म्हंजे थांब, दोन म्हंजे चल,’ ती सांगायची. ‘उगं खुळखुळा वाजवायचा न्हाय. माणसं मरत्यात.’ तोंडाने बोलून ड्रायव्हरला ऐकू जात नाही, गाडीत कालवा असतो, म्हणून घंटी. कंडक्टरच्या अंगात ती इतकी मुरते की आई घरीसुद्धा आमचं भांडण थांबवायला ताटावर चमचा एकदाच वाजवायची. हे आम्हा दोघांना पाठ होतं. आणि मी दांड्याला पंचा गुंडाळला होता.

मी पंचा सोडला. आई बघत होती.

“आई,” मी म्हणाले, “घंटी देतीयास व्हय?”

टणटण.

मी तिच्या छातीवर डोकं ठेवून रडले. खोका म्हणाला, “रडू नकोस बाळा, सगळं छान होईल.” टण.

तळेगावचं मी तेव्हाच विचारायला हवं होतं. विचारलं नाही. उत्तर मला माहीत आहे अशी माझी खात्री होती, आणि ते दादाच्या तोंडावर वाजलेलं ऐकायची मला हौस होती. तो कराड सोडून पुढे आल्याचा निरोप आला होता. तेवढ्या वेळात मी मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे पहाटेची ती फाइल कुलूपबंद केली आणि सीमा अगदी तळाला नेली. खोका गप्प झाला. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा राहिला.

दादा आला तो केंद्राच्या गाडीतूनच. गाडी बिनड्रायव्हरची, मागे स्ट्रेचर, बरोबर एक तरुण नर्स, तिचं नाव जुलेखा. दादाने आईच्या कपाळावर हात ठेवला. “आई, तयार ना?”

काही नाही. त्याने खोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“काय केलंस तू?”

“गप्प केला त्याला.”

“उज्जे, तू आईची वाचा काढून घेतलीस?” त्याचा आवाज चिरकला. “तुला पटत न्हाय म्हणून? चालू कर. आत्ता चालू कर.”

“करते. पण कान पलंगाकडं ठेव.”

मी सीमा पुन्हा वर नेली.

“रणजित बाळा,” खोका म्हणाला, “तू नेहमी योग्य तेच करतोस.”

टण.

दादाचा चेहरा पहिल्या क्षणी नुसता गोंधळला.

“तुझ्यासारखा मुलगा लाभायला भाग्य लागतं.”

टण.

ताटावर वाजलेला चमचा ऐकून लहानपणी तो जसा एकदम खांदे पाडायचा, तसेच त्याचे खांदे पडले. तो पलंगाच्या काठावर बसला. “बंद कर ते,” तो हळूच म्हणाला. मी सीमा परत तळाला नेली. त्याला समजावून सांगायला मॅन्युअल लागलं नाही.

त्याने आईच्या हाताकडे पाहिलं. “आई, तळेगावला जायचं का? एक दिलीस तर गाडी आत्ता माघारी धाडतो. माझी शप्पत.”

मी दादाकडे बघत होते. जिंकल्यावर चेहरा कसा ठेवायचा याचा विचार करत होते.

टणटण.

“चुकून लागलं,” मी म्हणाले. “नीट विचार.”

“तूच विचार.”

मी पलंगाजवळ वाकले. प्रश्न उलटा केला, म्हणजे गोंधळ नको. “आई, हितंच ऱ्हायचं का? माझ्याजवळ?”

तिने माझ्याकडे पाहिलं. मनगट वर गेलं आणि सावकाश खाली आलं.

टण.

मग ती वाट बघत राहिली. दुसरी घंटी आली नाही. खोक्यातून खरखर आली, सीमा तळाला होती, कंसांना परवानगी नव्हती, आणि त्या खरखरीतून दोन शब्द बाहेर पडले. लहानपणापासून ऐकलेला तोच खडबडीत सूर.

“उज्जे. झोप.”

जुलेखाने खिडकीकडे तोंड फिरवलं.

म्हणजे खोक्याचा होकार बरोबरच निघाला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. पण खोक्याच्या होकारात आम्ही ठरवणार होतो आणि तिचं सुख होतं. तिच्या होकारात तिने ठरवलं होतं आणि माझी झोप होती. मला हवं होतं ते हे उत्तर नव्हतं. मला वाईट वाटलं, राग आला, आणि लाज वाटावी इतकं हलकंही वाटलं. मॅन्युअल लिहिणाऱ्याला एक सवय लावून घ्यावी लागते. यंत्र काय करतं ते लिहायचं, त्याने काय करावं असं आपल्याला वाटतं ते नाही. माणसांच्या बाबतीत ती सवय मला अजून लागायची होती.

“ताई,” जुलेखा म्हणाली, “हे घंटीचं मला कळलं. पण तिकडं आमच्या पाळ्या बदलतात. दुसऱ्या नर्सला कसं कळणार? कुठं लिहिलंय का?”

कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मी बसले आणि लिहिलं. दादा बॅग भरत होता, मी लिहीत होते. सीमा कुठे आहे, ती वर का नेऊ नये, पहाटेची फाइल उघडी राहिली तर काय होईल. हाताचा संकेत ‘गोंधळ’मधून काढून घंटीला कसा जोडायचा. दांड्याला कापड गुंडाळू नये. प्रश्न एका वेळी एकच विचारावा आणि उत्तराला वेळ द्यावा, बाई विचार करते. ती गोड बोलायला लागली तर यंत्र बिघडलं असं समजावं. सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत: एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. मग तेच सगळं त्या चर्चेत, ‘सापडलं. धन्यवाद.’च्या खाली टाकलं, आणि काय सापडलं ते पहिल्या ओळीपासून सांगितलं.

आम्ही आईला स्ट्रेचरवरून बाहेर आणलं. शकूमावशी दारात उभ्या होत्या. त्यांनी मोठ्याने विचारलं, “शालन, राग गेला न्हवं गं?” स्ट्रेचरच्या दांड्यावर एकदाच वाजलं. मावशींना त्यातलं काही कळलं नाही, त्या डोळे पुसत हात हलवत राहिल्या.

आईला गाडीत चढवलं. दादा तिच्या पायाशी बसला, जुलेखा उशाशी. मी दारात उभी होते. तिने माझ्याकडे पाहिलं, मग गाडीत मागेपुढे पाहिलं, सगळे बसले की नाही ते बघावं तसं.

टणटण.

गाडी जागची हलली नाही. पुढच्या सीटवर ड्रायव्हरच नव्हता. मी दार लावलं आणि पत्र्यावर दोनदा थाप मारली, तेव्हा दादाने आतून बटण दाबलं.